फौजी श्वान अकादमी, बेदाणा शेड

२ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. कुणाला दाखवायची नाही.

मेव्हणे हंबीरराव यांची बेदाणा शेड आमच्या घराला लागूनच, फेब्रुवारीपर्यंत रिकामी. मी रिटायर्ड. आणि सांगली-साताऱ्याच्या शहरी लोकांकडं कुत्री आहेत, वेळ नाही. कुत्रं विकत घ्यायला वेळ असतो, त्याचा वाढदिवस करायला असतो, फिरवायला तेवढा नसतो. असल्या बिझी लोकांची कुत्री ठेवून घ्यायची, शिस्त लावायची, परत करायची. बोर्ड रंगवून आणला : फौजी श्वान अकादमी. निवास व प्रशिक्षण.

अनुभव म्हणाल तर सतरा वर्षं फौज. स्टोअरला होतो, ब्लँकेट आणि गमबूट वाटायला. पण भिंतीपलीकडं डॉग युनिट होतं. सतरा वर्षं भुंकणं ऐकलंय. ट्रेनिंग कानातून झालं.

बोर्ड वाचून हंबीरराव हसले. तासगावकरांना द्राक्ष सोडून कशातलं काही कळत नाही. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडची माणसं, घरटी एक फौजी. इथं सासुरवाडीत आमचा मुक्काम तात्पुरता आहे. चौथं वर्ष.

५ डिसेंबर
तिघांची भरती.

मफिन, लॅब्रॅडॉर. मालकीण सांगलीच्या दातांच्या डॉक्टर, सृष्टी मॅडम. म्हणाल्या, मफिनला झोपताना गाणं लागतं. मी म्हणालो, इथं बिगुल लागेल. हसल्या नाहीत.

सुलतान, डॉबरमन. मालक नानासो, साताऱ्याजवळ खडीक्रशर. कुत्रं ऐकत न्हाई, कामगारांसमोर इज्जत जाती म्हणाले.

चिकू, पग. मालक साईराज, घरी बसून पुण्याची नोकरी करतो. घरी बसून, आणि वेळ नाही! चिकूचं तोंड असं, की पेन्शन अडकलीय.

कुत्र्याला बेदाणा विषारी असतो, असं सृष्टी मॅडमनी जाताना पुन्हा पुन्हा बजावलं. तासगावात राहायचं आणि बेदाणा खायचा नाही. लाड, दुसरं काय. सौ.नं शेड कानाकोपऱ्यातून झाडून घेतली.

६ डिसेंबर, पहाटे
शिट्टी मारली. शेजारच्या वस्तीवरची कोंबडी उठली, माणसं उठली, शिव्या देत आली. कुत्री उठली नाहीत.

सकाळी
कमांड फक्त हिंदीत. सावधान. विश्राम. बैठ. मफिननं बूट चाटला. सुलताननं जांभई दिली. चिकू माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याच्याकडं कामाला लागलोय. सगळा शहरी लाडांचा परिणाम. आठवड्याभरात सुतासारखी सरळ करतो.

१४ डिसेंबर
आठवडा थोडा लांबला. दोष माझा नाही. सौ.चा आहे.

तिला काही लागलं की स्वयंपाकघराच्या दारातून हाळी येते : आवं! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी पद्धत. त्याला माझी हरकत नाही. पण ऐन ट्रेनिंगमध्ये? आवं, पाणी आलं. आवं, सिलिंडर बदला. आवं, कुत्र्यांचं पातेलं न्या. मी लगेच जातो, कारण गेलो नाही तर आवाज वाढतो आणि कुत्री बिचकतील. आज तिला कडक शब्दांत सांगणार होतो. पण पातेलं जड होतं, दोन्ही हात गुंतलेले.

२० डिसेंबर
लय भारी प्रगती! मी उठलो की तिन्ही उठतात. मागोमाग येतात. मी पायरीवर टेकून पातेल्याची वाट बघतो, तर तीही रांगेत बसतात, गप्प. याला म्हणायचं रुबाब. कमांडिंग ऑफिसरच्या मागं जवान असेच चालायचे. ‘बैठ’ म्हटल्यावर अजून बसत नाहीत. तेवढी सवलत दिली.

२७ डिसेंबर
हंबीरराव शेड बघायला आले. फेब्रुवारीत त्यांचा माल येणार. मी ठणकावून सांगितलं, २६ जानेवारीला पासिंग आऊट परेड आहे. त्या दिवशी बिझी लोकांनाही सुट्टी असते. या बघायला.

म्हणाले, दाजी, समद्यांम्होरं कुत्र्यांनी ऐकलं, तर रस्त्याकडंची मोकळी जागा अकादमीला. कायमची. न्हाई ऐकलं, तर फेब्रुवारीपास्नं हितंच यायचं, बेदाणा चाळायला. द्राक्षं तरी ऐकत्यात.

हातावर हात मारला. मेव्हण्याच्या हाताखाली बेदाणा चाळू? गावाकडं कळलं तर काय तोंड दाखवू? सातारचा फौजी आणि सासुरवाडीचा गडी! मेलो तरी नाही. काळजीनं जेवण गेलं नाही. दोन भाकरी गेल्या, पण चव नव्हती.

३ जानेवारी
संकल्प : रोज दोन वेळा ड्रिल. आज थंडी फार. उद्यापासून.

९ जानेवारी
ड्रिल सुरू करणार एवढ्यात सृष्टी मॅडमचा व्हिडिओ कॉल. मफिनला बघायचं होतं. मी म्हणालो, मफिन, बैठ. तिनं उभी राहून फोनच चाटला. मी सांगितलं, हा ॲडव्हान्स कोर्स आहे. तेवढ्यात आतून आवं आली. मी फोन हातात घेऊन निघालो, मागं तिन्ही. मॅडम म्हणाल्या, अय्या, किती शहाण्यासारखी चालतात हो! घ्या. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्या बाईला दिसतं. हंबीररावांना दिसत नाही.

१८ जानेवारी
सौ. म्हणाली, आवं, येक सांगू का, ती कुत्री तुमचं न्हाई ओ ऐकत. वाक्य तिथंच तोडलं. आम्ही सतरा वर्षं फौजेत काढली, आता चुलीपाशी बसून हिनं आम्हाला शिकवायचं. परेडच्या दिवशी आतून हाळी मारायची नाही, अशी लेखी ऑर्डर काढली आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली.

संध्याकाळी त्याच कागदावर भजी निथळत होती. भजी चांगली झाली होती.

२५ जानेवारी
ट्रंकेतून युनिफॉर्म काढला. पँटचा हूक लागत नाही. कापड आटलंय. वरून पट्टा आवळायचा आणि श्वास जपून घ्यायचा. उद्या तासगावला कळेल, सातारा काय चीज आहे.

२६ जानेवारी
शांतपणे लिहितो.

मालक आले. हंबीरराव खुर्ची टाकून पुढंच बसले. मी छाती काढली. सावधान! मफिन लोळली, पाय वर. सुलतान नानासोंच्या नव्या गाडीच्या टायरपाशी गेला आणि काम उरकून आला. चिकू आडवा झाला. विश्राम म्हणालो, तो मात्र तिघांनी चोख केला. बैठ. बैठ. अरे बैठ, भडव्यांनो! साईराज मोबाईल धरून हसत होता. नानासोंचं तोंड उतरलं. हंबीरराव शेडच्या रॅककडं बोट दाखवून आपल्या गड्याला म्हणाले, दाजींना बसाय येक स्टूल आणून ठेव रं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, पट्टा काढावा आणि खंडाळ्याची एसटी धरावी.

तेवढ्यात आतून : आवं! च्या न्या!

तिन्ही कुत्री ताडकन उठली. रांगेनं गेली. पायरीपाशी बसली. कान टाईट, नजर समोर. टाळ्या! सृष्टी मॅडमच्या डोळ्यांत पाणी. साईराजनं सगळं शूट केलं. त्यात शेवटी मीही दिसतो, चिकूच्या मागं. चहा न्यायला गेलो होतो.

हंबीरराव उठून म्हणाले, ऐकलं की वो कुत्र्यांनी. जागा दिली!

जिंकलो. मेहनतीचं चीज झालं. सौ.नं ऑर्डर मोडली, त्याबद्दल आज तिला माफ केलं.

३ फेब्रुवारी
नानासोंचा फोन. पेटलेले. सुलतान ऐकतो, पण आवं म्हटल्यावरच. क्रशरवर सगळ्या कामगारांसमोर ह्या मिशीवाल्या माणसाला डॉबरमनला आवं म्हणून हाक मारावी लागते. कामगार तोंडाला टॉवेल लावतात. घरी वहिनींनी जेवायला आवं म्हटलं की नानासोंच्या आधी सुलतान पाटावर. मी विचारलं, रिझल्ट आहे ना? फोन आपटला. लोकांना कष्टाची किंमत नाही.

७ फेब्रुवारी
रस्त्याकडच्या जागेवर बोर्ड लागला : संयोगिता श्वान केंद्र. संयोगिता म्हणजे सौ. हंबीररावांना जाब विचारला. म्हणाले, कुत्र्यांनी ऐकलं ते आक्काचं, जागा आक्काला. तुमचं कोण ऐकलं, सांगा की. असल्या माणसांच्या तोंडी कोण लागणार? नाव ही टेक्निकल बाब आहे. मुख्य सल्लागार मीच.

सकाळी शेडवर जातो. नुसती देखरेख. चाळण हातात असते ती देखरेखीला बरी पडते म्हणून. स्टूल मात्र वापरत नाही.

१२ फेब्रुवारी
केंद्रावर नवी चार कुत्री आली. सगळी डॉक्टर-वकिलांची, सगळी बिघडलेली. संकल्प : यापुढं आवं आली तरी लगेच उठायचं नाही. ट्रेनर आणि कुत्रा यांत काही फरक राहिला पाहिजे. तिला कळू दे, फौजी माणूस हाळीवर पळत नसतो.

संध्याकाळी
आवं आली. नवी कुत्री जागची हलली नाहीत, त्यांना अजून सवय नाही. सौ. पदराला हात पुसत दारात आली आणि त्यांना समजावून म्हणाली, बगा रं, नीट बगून ठेवा. ह्यांच्यावानी यायचं.

मी तोवर पायरीवर बसलो होतो.