ताईच्या पेशी

ताई,

नमस्कार करते आणि आधी गोड बातमी सांगते. आजच्या तपासणीत माझ्या रक्तात कर्करोग कुठेच सापडला नाही. डॉक्टरबाई स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसल्या, तेव्हाच मला कळलं.

तुझ्या रक्तातून काढून ज्या पेशी मला दिल्या, त्यांना म्हणे नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. नाव ऐकूनच मी बाईंना 'मारक कशाला?' असं विचारलं होतं. मुंगी चिरडली तरी देवाची माफी मागणारी मी. बाईंनी समजावलं, "निरोगी पेशी ओळखीची खूण बाहेर दाखवते. रोगट पेशी बरेचदा ती लपवते. खूण दिसली नाही की या मारक पेशी तिला संपवतात."

मी म्हटलं, "म्हणजे आमची ताईच. कोण, कुठला, हे विचारल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू देत नाही."

बाई खूप हसल्या.

एक गंमत मात्र त्यांना सांगितली नाही. रोज संध्याकाळी हात जोडून मी 'सगळ्या जिवांना सुखी ठेव' म्हणायचे. एके दिवशी लक्षात आलं, त्यात त्या रोगट पेशीही आल्या की. तेव्हापासून देवाला सांगते, "तेवढ्या सोडून."

तुझ्या पेशी आता माझ्यात उरल्या नसतील, काम झालं की त्या जातात, असं बाई म्हणाल्या. अगदी तुझ्यासारख्या. सुई निघाली आणि तू चहाही न घेता गाडी गाठलीस.

हे पत्र काही पोस्टात टाकत नाही. रविवारी तू येणारच आहेस, मग तिकीट कशाला वाया घालवू? बातमी तोंडानंच सांगेन. आणि या वेळी जेवल्याशिवाय उठू देणार नाही.

तुझी धाकटी