गळक्या नळाचा अहवाल

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

(वाकून म्हणजे खरंच वाकून, सरळ होता येत नाही.) तुमच्या कंबरेचं कसं काय? माझी विचाराल, तर चार दिवस बालवर्गाच्या वीतभर खुर्चीत बसून ती आता माझी राहिलेली नाही. खुर्ची मात्र माझी झाली आहे. उठलो की सोबत येते. शाळेचा अध्यक्ष या नात्याने दादाने माझ्या रिकामपणाला ‘निरीक्षक’ असं भारदस्त नाव दिलं आणि मुलांचं कुतूहल कशाने जागं होतं, याची दर दहा मिनिटांनी नोंद करायला बसवलं. सोमवारी समिती येणार, वर्ग बघणार, माझ्या नोंदी वाचणार आणि वर्गाच्या बाईंना कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार.

बाई बिचाऱ्या जिवाचं रान करत होत्या. मणी, शिंपले, भिंग, स्वतः शिवलेला हत्ती. तुम्ही माझ्या कविता ज्या चेहऱ्याने ऐकता, त्याच चेहऱ्याने बावीस मुलांनी तो हत्ती पाहिला. ‘कुतूहल’ या रकान्यात मी सात वेळा ‘नाही’ लिहिलं. आठव्यांदा लिहिताना बाईंनी पाहिलं आणि माझी पेन्सिल मोडली (आपोआप).

तेवढ्यात कोपऱ्यातला गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. अख्खा वर्ग त्याच्याभोवती.

“काका, नळ बंद केल्यावर पाणी कुठे जातं?” एका चिमुरडीने विचारलं.

“जातंय कुठे? आत रांगेत उभं राहतं. तुमच्यासारखं ढकलाढकली नाही करत.”

“मग सगळ्यात मागचं पाणी कुठंय?”

प्लंबरने पान्याने डोकं खाजवलं. बाईंनी हत्ती खाली ठेवला. म्हणाल्या, “चला, बघू या.” वरात पाइपाचा माग काढत मागच्या टाकीपर्यंत गेली, आणि परत येऊन मुलांनी भिंतभर थेंबांची रांग काढली. सगळ्यात मागच्या, कंटाळलेल्या थेंबाला माझा चष्मा आहे.

प्लंबर नवा वायसर बसवून गेला. दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा गळला. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. “दृष्ट लागलीय याला,” प्लंबर म्हणाला. मुलांचे प्रश्न तर रोज वाढताहेत. मी निरीक्षक असल्यामुळे मला काही दिसलं नाही.

अहवाल पूर्णपणे निःपक्षपाती आहे, एवढं दादाला सांगा.

तुमचा वाकलेला दीर

ता. क. सोमवारी समिती येण्याआधी दादा स्वतः नवाकोरा नळ बसवणार आहे म्हणे. त्याला दुपारपर्यंत घरीच अडकवा. तुमची कंबर त्या दिवशी जरा जास्त दुखू द्या.

ता. क. २ बाईंवर संशय घेऊ नका, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. सोबतच्या पुडीत तीन वायसर आहेत, लपवून ठेवा. चौथा सोमवारी सकाळी काढतो.