मला बोट लागत नाही

३ मार्च, रविवार

आजपासून नोंदी ठेवणार. वही फॅक्टरीतली आहे. वर ‘अपघात नोंद’ छापलं होतं, ते खोडलं.

बाबांना परत एकदा खडकापाशी जायचंय. डॉक्टरांनी धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की पावसाळा बघतील असं वाटत नाही, त्यांना हवं ते करू द्या. (मला बाजूला का घेतलं नाही? मोठा मी आहे.) बाबांना हवंय ते एवढंच: दोन्ही मुलांना घेऊन खडकापर्यंत जायचं आणि गळ टाकून बसायचं. धाकटा म्हणाला, उद्या नेतो. बाबा म्हणाले, दोघं असाल तरच.

खडक म्हणजे किनाऱ्यापासून दीड तासावर, पाण्याखाली. मासे तिथे मिळतात. दर वर्षी घरचे सगळे आम्ही तिथेच जातो. म्हणजे जायला निघतो. मी बोटीवर असताना बोट आजवर खडकापर्यंत पोचलेली नाही, हा योगायोग आहे.

बाबांच्या बोटीवर नियम एकच. कुणीही ‘फिरव’ म्हणालं की बोट फिरवायची. का म्हणून विचारायचं नाही, नंतर चिडवायचं नाही. फक्त, ज्याने म्हटलं त्याने दुसऱ्या दिवशी बोट धुवायची. मी एकतीस वेळा बोट धुतली आहे. प्रत्येक वेळी कारण तांत्रिक होतं. डिझेलचा वास, उकडलेलं अंडं, धाकट्याच्या हातातलं सुकाणू.

मला बोट लागत नाही. पोट नाजूक आहे, ती गोष्ट वेगळी.

या वेळी कुणीही ‘फिरव’ म्हणणार नाही. खोक्यांच्या फॅक्टरीत एकोणीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे मी. नियोजन हे माझं काम आहे.

५ मार्च, मंगळवार

अभ्यास केला. बोटीच्या मधोमध बसावं, तिथे हेलकावे कमी. नजर क्षितिजावर. पोट रिकामं नको, तुडुंब नको. धुरापासून लांब. आल्याचा तुकडा चघळावा. मनगटावर दाब देणारी पट्टी मिळते, ती बांधावी. बोटीवर वाचू नये, लिहू नये.

सगळं टाइप करून चार पानांचं सूचनापत्र बनवलं. ऑफिसात लॅमिनेट केलं. बोटीवर वाचायला प्रत्येकाला एक प्रत. मुलीने ते चाळलं आणि शेवटच्या कलमावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. पंधराव्या वर्षी सगळ्यांनाच आपण शहाणे वाटतो.

८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी बागेत झोपाळ्यावर सराव. शरीराला हेलकाव्यांची सवय लावणे हा हेतू. वीस मिनिटांचं उद्दिष्ट होतं, चार मिनिटं झाली. एक बाई आपल्या मुलीला घेऊन रांगेत उभ्या होत्या, त्यांनी पाण्याची बाटली दिली. भल्या बाई.

कारण: दुपारचं सँडविच. कँटीनला लेखी कळवणार.

१३ मार्च, बुधवार

गोळीची चाचणी. औषधवाला म्हणाला, निघण्याआधी तासभर घ्या, झोप येईल. साडेनऊला घेतली. साडेदहाला माझं कामगारांसाठी व्याख्यान होतं, विषय ‘कामावर सतर्क कसे राहावे’.

पाऊण वाजता जाग आली. खोलीत कुणी नव्हतं. जाताना त्यांनी दिवे, पंखे बंद केले होते आणि दार हलकेच ओढून घेतलं होतं. माझ्याच पोस्टरवर ते लिहिलंय. म्हणजे शिस्त लागली म्हणायची.

निष्कर्ष: गोळी उत्तम. मळमळ शून्य. (खुर्ची हलत नव्हती, हे मान्य.) पण मोहिमेच्या प्रमुखाने जागं राहायला हवं. म्हणून मी गोळी घेणार नाही.

१६ मार्च, शनिवार

बाबांकडे गेलो. पलंग खिडकीशी सरकवलाय. फार वाळलेत. चेक्सचा शर्ट खांद्यावरून घसरतो. खिशात मात्र पेन्सिल आहे, इंजिनं दुरुस्त करायचे तेव्हापासूनची सवय.

मी योजना सांगितली. ते ऐकत होते, मध्ये मध्ये धाप लागत होती. मी लहान असताना ते मला बोटीत समोर बसवायचे आणि सांगायचे, पाण्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ, मी हलतोय का? तेव्हाही ते हलायचे, बोटीबरोबर. ही आठवण मी काढली तर हसले. मग म्हणाले, “तू ये. बाकी काय व्हायचं ते होऊ दे.”

घरी येताना एक गंभीर मुद्दा लक्षात आला. एवढ्या अशक्तपणात बाबांना उलटी झाली तर? तेव्हा गोळी बाबांना द्यायची. बायको म्हणाली, पन्नास वर्षं समुद्रावर काढली, त्यांना कधी साधा ढेकर तरी आलाय का? मी म्हटलं, म्हणूनच. सवय नसलेल्या माणसाला पहिली उलटी जड जाते. ती म्हणाली, निदान डॉक्टरांना विचारा. पाकिटात छापील कागद असतो, त्याच्यासाठी डॉक्टरांना कशाला त्रास? कागदाची पहिली बाजू नीट वाचली. काही अडचण नाही.

२३ मार्च, शनिवार

उद्या निघायचं. हवामान उत्तम. प्रत्येकासाठी खिशात मावेल असं कार्ड केलंय, त्यावर पाच चौकोन. एक, हलका नाश्ता. दोन, गोळी. तीन, मनगटपट्टी. चार, क्षितिज. पाच, खडक. काम झालं की टिक करायची.

बाबांची गोळी गोळ्यांच्या पट्टीतून वेष्टणासकट कापून ठेवली. मुदत तपासली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत.

आज मन प्रसन्न आहे. एकतीस वेळांचा हिशेब उद्या संपेल.

२४ मार्च, रविवार

६.१० धक्क्यावर. धाकट्याने बाबांना उचलून बोटीत ठेवलं. मी गोळी दिली. पाठमोरे होऊन पाणी प्यायले, मी स्वतः पाहिलं.

७.०० समुद्र सपाट. मी मधोमध. बाबा समोर उशीला टेकून, मांडीवर गळाची दोरी. नात शेजारी.

७.१५ क्षितिज व्यवस्थित.

७.२५ क्षितिज थोडं वर गेलं. आलं चघळतोय.

७.३० धाकटा मुद्दाम लाटा घेतोय.

७.४० बाबांचा डोळा लागला. गोळी लागू पडली.

७.४४ अंडं खायला नको होतं

दुपारी ३, घरी

शांतपणे लिहितो. खडकाला वीस मिनिटं राहिली असताना मी ‘फिरव’ म्हणालो. तोपर्यंत पाच वेळा झालं होतं, सूचनापत्रसुद्धा खराब झालं.

धाकट्याने इंजिन हळू केलं, पण फिरवलं नाही. म्हणाला, दादा, वीस मिनिटं फक्त. बोटीवर कुणी असं मागण्याची ही पहिलीच वेळ. नियम मोडला तो त्याने, याची नोंद असावी. मी खाली आडवा झालो होतो, डोळ्यांसमोर फळ्या फिरत होत्या. मी म्हणालो, “बाबा झोपलेत. त्यांना काय कळणार?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाबांकडे बघितलं. मग फिरवली. बाबा झोपले होते, तरी गळाची दोरी त्यांच्या मुठीत तशीच होती. जुनी सवय.

धक्क्याला बोट बांधता बांधता बाबांनी डोळे उघडले. विचारलं, पोचलो होतो का?

मी म्हणालो, हो बाबा, मस्त झालं, तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. धाकटा इंजिनाकडे वळला. मुलीने मान खाली घातली. बाबा म्हणाले, “बरं झालं.” आणि खिशातली पेन्सिल काढायला लागले. मी पिशव्या उतरवायला गेलो.

निष्कर्ष: बाबांना उलटी झाली नाही. मूळ हेतू साध्य. खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. आजारी माणसाला समाधान मिळालं.

२५ मार्च, सोमवार

बोट धुवायला गेलो नाही. ऑफिसात ऑडिट आहे. शिवाय कालची ‘फिरव’ माझी धरता येणार नाही. बाबा झोपले होते, झोपलेल्या माणसाला खडकापाशी नेऊन काय उपयोग? तांत्रिक कारण.

धाकट्याचा फोन नाही.

३१ मार्च, रविवार

दुसरी मोहीम ठरवली. १४ एप्रिल, रविवार. बाबांना अर्धीच गोळी, म्हणजे झोपणार नाहीत. मला दीड.

बाबांना फोन केला. आवाज फार खोल गेलाय. म्हणाले, “आता कशाला? जाऊन आलो की.” मी भरती-ओहोटीच्या वेळा सांगायला लागलो. मग त्यांनीच विचारलं, पोट कसं आहे?

मी म्हटलं, उत्तम.

४ एप्रिल, गुरुवार

बाबा गेले. सकाळी अकरा वाजता. धाकटा जवळ होता. मी फॅक्टरीत जिन्याच्या कठड्याची उंची मोजत होतो.

९ एप्रिल, मंगळवार

गोळीच्या पाकिटातला कागद पुन्हा काढला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय: श्वासाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

मागची बाजू मी वाचली नव्हती. फॅक्टरीत प्रत्येक कामगाराला मी पहिल्या दिवशी सांगतो, लेबल दोन्ही बाजूंनी वाचा.

गोळीचा अंमल एका दिवसात उतरतो. मध्ये अकरा दिवस गेले. हे मला कळतं. पण ताटावर बसलो की तो कागद डोळ्यांपुढे येतो आणि घास फिरतो. डॉक्टरांना विचारायचं धाडस नाही. धाकट्याला सांगायचं तर त्याहून नाही. बायकोला सांगितलं तर ती ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही.

मी बाबांना मारलं असेन का?

१४ एप्रिल, रविवार

मोहिमेचा दिवस होता. त्याऐवजी बाबांच्या खोलीतले कपडे आवरले. धाकटा कपाट रिकामं करत होता, मुलगी घड्या घालत होती. पलंगामागच्या खुंटीवर चेक्सचा शर्ट होता, त्या दिवशीचा. तसाच अडकवून ठेवलेला, न धुतलेला. माझ्या हाताला आला.

खिशात माझं कार्ड. चार घड्या घातलेलं. उघडलं तर आतून गोळी पडली. कापलेल्या तुकड्यातच होती, वरचा कागद फोडलेला नाही.

आधी हायसं वाटलं. पलंगावर बसलो. इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. गोळी पोटात गेलीच नव्हती. मी काही केलेलं नाही. धाकट्याला हाक मारून सगळं सांगावं असंही वाटलं.

मग लक्षात आलं. गोळी घेतली नव्हती, तर झोप कसली?

मुलीला विचारलं. तिने दुसऱ्या एका शर्टाची घडी घालता घालता सांगितलं, वर न बघता. “आजोबा झोपले नव्हते, बाबा. तुम्ही ‘फिरव’ म्हणायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले. मी बोलणार होते, तर त्यांनी माझा हात दाबला.”

धाकट्याला हे कधीपासून माहीत होतं, विचारलं नाही. तो कपाटात डोकं घालून होता.

म्हणजे त्यांनी ऐकलं. पाचही उलट्या ऐकल्या असतील. वीस मिनिटं राहिली होती, तेही ऐकलं. त्यांना काय कळणार, हेही. धक्क्यावर विचारलं, पोचलो होतो का, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हो म्हणालो. त्यांनी बरं झालं म्हटलं.

कार्डावर पाचही चौकोनांत खुणा आहेत. पेन्सिलीच्या, थरथरत्या. नाश्ता, गोळी, मनगटपट्टी, क्षितिज. पाचवी खूण खडकाची. त्यांना तिथे जायचं होतं, आणि माझ्यामुळे ते गेले नाहीत. याला तांत्रिक कारण नाही.

मला बोट लागते. लहानपणापासून लागते. घरात सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर धाकट्याचा मेसेज आला, बोट अजून धुतलेली नाही, वास मारतोय. बाकी काही लिहिलं नव्हतं.

उद्या सकाळी रजा टाकून बोट धुवायला जाणार. बत्तिसावी वेळ. बोट धक्क्याला बांधलेली आहे, कुठे जायची नाही. तरी तासभर आधी ही गोळी घेईन. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत चालते.