शेवटची नोंद खरी

सोमवार, ९ जून
दुपारचे चार

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुम्हाला, आणि तुमच्यामार्फत त्या सगळ्या कमी बोलणाऱ्या मंडळींना, ज्यांचं वाक्य कोणीतरी मध्येच तोडलं आणि वर सभा जिंकल्याचा आनंदही मानला. तुमची तक्रार रास्त आहे. आरोपी हजर आहे, आणि वकील न लावता स्वतःच लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर पुन्हा मीच बोलले असते.

इकडे सगळं छान चाललंय. तुमच्या दादांची पाठ आता दुखत नाही, कारण मी त्यांना आपल्या ऑफिसच्या खुर्च्या उचलायला लावणं बंद केलं. झेरॉक्सच्या दुकानावरची आपली खोली तशीच आहे. खालचं यंत्र सुरू झालं की आपलं टेबल अजून थरथरतं. तुमच्या जागी एक प्रोग्रामर बाई आठवड्यातून तीन दिवस येतात. लिफ्ट दुरुस्त करणारे सतरा मेकॅनिक आता आपलं दुरुस्तीच्या नोंदींचं ॲप रोज वापरतात आणि शिव्या देत नाहीत. या धंद्यात यालाच कौतुक म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. म्हणजे यावंच लागेल.

तुम्हाला ती सकाळ आठवत असेल. फळ्यावर दोन रकाने होते. एकीकडे भाड्यानं मिळणारी तयार सेवा: माहिती साठवणं, फोनवरून वर पाठवणं, सगळं आयतं. दुसरीकडे तुमचा तो जुनाट, सगळ्या जगाला ठाऊक असलेला डेटाबेस, आपल्याच सर्व्हरवर, आणि त्याभोवती तुम्ही स्वतः लिहिणार होतात ते काम. तुम्ही तीन आठवडे मागत होतात. मी उभी राहिले. घरची पुंजी घालून सुरू केलेल्या धंद्याला विहीर खोदायची चैन परवडत नाही, तहान लागलीय त्यानं नळ उघडावा, असं काय काय म्हणाले. तुम्ही फक्त विचारलंत, "वहिनी, एकाच लिफ्टच्या दोन नोंदी एकदम आल्या तर?" सेवेच्या माहितीपत्रात त्याचं उत्तर होतं आणि मी ते मोठ्यानं वाचलं: शेवटची नोंद खरी धरली जाईल. दादा हसले. म्हणाले, आपल्या घरचाच नियम आहे हा. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

पंधरा दिवसांनी तुम्ही त्या दुसऱ्या गावच्या नोकरीवर गेलात.

मार्चमध्ये जे झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, कारण सांगू शकणारी मी एकटीच होते. दातांच्या दवाखान्याची चार मजली इमारत. त्या सतरांतले सगळ्यात जुने मेकॅनिक काका सगळे मजले तपासून खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते, तिथे फोनला रेंज नाही. त्यांनी लिहिलं: तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप सैल, लिफ्ट बंद ठेवा. दुसरा मेकॅनिक वर मोटरच्या खोलीत होता, तिथेही रेंज नाही. त्यानं लिहिलं: मोटर तपासली, सर्व ठीक. दोघंही बाहेर आले. काकांची नोंद आधी पोचली, दुसऱ्याची मिनिटभरानं. एका लिफ्टची एका दिवसाची नोंद एकच, म्हणून दुसरीनं पहिली पुसून टाकली. मेकॅनिकांच्या ऑफिसात दिसलं, सर्व ठीक. त्यांनी दवाखान्याला कळवलं, लिफ्ट चालू करा.

कोणाला काही झालं नाही. काकांनी मुख्य बटणाला स्वतःचं कुलूप घातलं होतं आणि किल्ली खिशात होती. आपल्या ॲपपेक्षा त्यांचा खिसा शहाणा निघाला.

दुसऱ्या दिवशी ते आपला जिना चढून आले. मला वाटलं, आरडाओरडा करतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, तीही चांगली. ते बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "मी आधी लिहिलं, म्हणून माझं खोटं का हो बाई?"

भाऊजी, मी शाळेपासून वादविवादाच्या ढाली घरी आणल्या आहेत. भल्याभल्यांना गप्प केलंय. त्या दिवशी मात्र तयार उत्तरं बाजूला ठेवून मी ते माहितीपत्र पुन्हा काढून वाचलं. साधन निवडताना आपण वेग निवडतो, सोय निवडतो असं मी समजत होते. त्या साधनानं कोणाचं म्हणणं पुसायचं हेही आपणच निवडलेलं असतं. आणि मी ते साधन बरोबर होतं म्हणून निवडलं नाही. मला बोलता येतं, म्हणून ते निवडलं गेलं.

भाड्याची सेवा मी त्याच आठवड्यात बंद करायला घेतली. तुम्ही ठेवून गेलेलं अर्धं काम प्रोग्रामर बाईंनी उघडलं. दोन दिवस वाचत होत्या. मग विचारलं, "हे लिहिणारे गृहस्थ फारसं बोलत नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "वाटलंच. सगळं इथेच लिहून ठेवलंय." दोन्ही नोंदी ठेवायच्या, भांडण दिसू द्यायचं, निर्णय माणसानं घ्यायचा: तुमचा आराखडा जसाच्या तसा चालतोय. पाच आठवडे लागले. पहिल्यांदाच केलं असतं तर तीन लागले असते.

इतकं सगळं कबूल केलं आणि एक मागे ठेवलं होतं. मेकॅनिकांच्या बैठकीत मी या बदलावर बोलले. चांगलं बोलले. "आम्ही ठरवलं" असं सात-आठ वेळा म्हणाले आणि त्या 'आम्ही'त तुम्ही कुठेच नव्हता. घरी आल्यावर दादांनी विचारलं, त्याला कळवलंस का? मी म्हटलं, केव्हाच, सविस्तर पत्र गेलंय. त्याला तीन आठवडे झाले. ते सविस्तर पत्र म्हणजे हेच. गेल्या शुक्रवारी काकांना आणि बाकीच्यांना मी जाऊन सांगितलं की हे काम माझ्या दिराचं आहे. काका म्हणाले, मग ते कुठायत?

नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही. तिथे तुमचं ऐकत असतील तर तिथेच बसा, काम दुरूनही होतं. पण पुढच्या महिन्यात आणखी दोन साधनं निवडायची आहेत, आणि तुमच्या होकाराशिवाय मी फळ्याला हात लावणार नाही.

जाताना तुम्ही माझ्या हातात ठेवलेला भागीदारीचा राजीनामा मी कोणाकडेही दिला नव्हता. दादांनाही माहीत नाही. तो या पाकिटात आहे. आज हे वाचून झालं की तो फाडा.

तुम्हाला बोलू न दिलेली,
वहिनी