हाताचा अंदाज

मंगळवार, ३
धाकट्याने आज मला ओळखलं नाही! सख्खी बहीण मी — आणि विचारतो, "बाई, तुम्ही कोणाच्या?" तसाच उचलून दवाखान्यात आणला. लिव्हर वर्षापूर्वीच खराब झालंय, पोटात पाणी भरतं, ते आता सवयीचं. हे मात्र नवीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातलं सोडियम एकशे दहावर आलंय, फार खाली. म्हणून डोकं भरकटतंय.

बुधवार, ४
आज 'ताई' म्हणाला, तेवढंच. बाकी दुपारभर खिडकीकडे बोट. "तिथे तो कोण बसलाय? हलत नाही, बोलत नाही. नुसता बघतो." खिडकीत कोणी नाही. बाहेर पाण्याची टाकी. म्हटलं, असेल कोणी, बसू दे. तर चिडला — "अगं, बिचाऱ्याशी बोल तरी काहीतरी!"
खिडकीकडे पाठ करून बसले, तर पाठीलाच कसंतरी व्हायला लागलं. शेवटी पडदा ओढला.

गुरुवार, ५
सोडियम म्हणजे मिठातलंच, म्हणे. सलाइनमधून चढवताहेत, पण अगदी हळूहळू. घाई केली तर मेंदूला इजा होते. आणि आहारवाल्या बाईंचा कागद — जेवण बिनमिठाचं! रक्तात मीठ कमी, आणि ताटातही बंद? हा कुठला न्याय? तीस वर्षं वसतिगृहात दोनशे मुलींचा स्वयंपाक केला मी. मिठाचा अंदाज माझ्या हाताला आहे, कागदाला नाही.
घरून सूप नेलं. चांगलं चमचाभर मीठ घालून. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. गटागटा प्यायला.

शुक्रवार, ६
तीनदा.

शनिवार, ७
ओळखलं! "ताई, केस इतके कधी पिकवलेस?" म्हणे. खिडकीतल्या माणसाचं विचारलं, तर म्हणतो, "कोण माणूस?" हसता हसता रडले मी.
डॉक्टरीणबाईंनी मात्र रिपोर्ट दोनदा वाचला. एका दिवसात सोळाने वाढलं. "इतकं कसं चढलं? बाहेरून काही दिलंत का? खरं सांगा, अजूनही वेळ आहे, खाली आणता येईल."
खाली आणायचं? आत्ता कुठे माणसात आलाय! "नाही," म्हटलं. धाकटा माझ्याकडे बघत होता.

रविवार, ८
दिवसभर माझी चेष्टा. नर्सला म्हणतो, "आमच्या ताईने गावभर जेवू घातलं, नवरा तेवढा सापडला नाही!" चावट मेला. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मंगळवार, १०
जीभ जड झालीय. सकाळी सूप घशात अडकलं, नाकातून बाहेर आलं. दमला असेल.

गुरुवार, १२
हात हलत नाहीत. पाय नाहीत. शब्द नाही.
मेंदूचा फोटो काढला. सोडियम झपाट्याने वाढलं की असं होतं, आणि ते चारपाच दिवसांनी दिसतं, म्हणे. लिव्हरच्या पेशंटना तर जास्तच धोका. "त्यांना सगळं ऐकू येतं, समजतं. फक्त डोळे हलतात." सुटेल का यातून? "बघू." आता तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मीच केलं हे. या हाताने.

शनिवार, १४
पलंग खिडकीजवळ सरकवलाय. उशा लावून बसवतात. बाहेरून येताना दारातच थबकले. हलत नाही, बोलत नाही. खिडकीत बसून नुसता बघतो.
दिवसभर बोलत असते त्याच्याशी. काहीबाही. त्यानेच सांगितलं होतं, बोल म्हणून.

मंगळवार, १७
नर्सने शिकवलं — 'हो' असेल तर डोळे एकदा मिटायचे, 'नाही' असेल तर दोनदा. ती गेल्यावर दार लावलं. सगळं सांगून टाकलं त्याला. मग विचारलं — "त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले, ते तुला कळलं होतं?"
एकदा मिटले.
"मग बोलला का नाहीस रे?"
नुसता बघतो.