शब्द : पारंपरिक

निपाणी, ३ ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञेश यास सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोनवरच भांडले असते, पण तू ते रेकॉर्ड करून चॅनलवर टाकशील, म्हणून पत्र.

शेजारच्या अक्काताईंनी काल मोबाईल दाखवला. तुझ्या ऋतिकाच्या बारशाला मी लिहिलेला पाळणा, आवाज तुझा, मागं कुठनं तरी उचललेलं चांदण्याचं चित्र, आणि खाली ‘शब्द : पारंपरिक’. म्हणजे मी कधी वारले तेवढं कळव. शाळेच्या मस्टरवर अजून सह्या करतेय.

आणि आईचं कडवं कुठं गेलं?

विड्या वळल्या सोनुआजीनं, दोरा उरला हाती,
त्याच दोऱ्याचा झोका तुला, झोप गं माझ्या नाती.

हे कशापायी गिळलंस?

नीलमला आणि लेकराला माया. उरली तर तुला.

तुझी (जिवंत) आक्का,
सुविधा


पिरनवाडी, ९ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास सा. जयभीम वि. वि.

लई तापलीस. मच्छे गावच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून गातो मी. ऐंशी हजार लोकांनी ऐकलं, कुणी लिहिलं म्हणून एकानंही विचारलं न्हाय. नेटवर टाकलं की ते सगळ्यांचं होतंय. ‘पारंपरिक’ म्हटलं की लोक मान देऊन ऐकतात.

आणि बाळाच्या गाण्यात विडी कशी शोभंल? लोकांनी नावं ठेवली असती. तुझं नाव पाहिजे तर खाली बारीक अक्षरात घालतो. घरातल्या घरात हक्क कसला मागतीस? आईच्या कानावर घालू नको.

राग सोड. मला दुसरी आक्का न्हाय, एवढं ध्यानात असू दे.

तुझा धाकटा,
प्रज्ञेश


निपाणी, १६ ऑगस्ट २०२५

प्रज्ञेश यास जयभीम. आशीर्वाद या वेळी न्हाईत.

बारीक अक्षर तुझ्याजवळच ठेव. एकानंही विचारलं न्हाय म्हणतोस; गर्दीत खिसा कापणाऱ्यालाही कुणी नाव विचारत न्हाय. सोमवारी मी चॅनलच्या कंपनीकडं तक्रार केली. सोबत बारशाचा व्हिडिओ जोडला. हे आक्कानं लिहिलंय, असं त्यात तूच माईकवर सांगतोयस. गाणं काल उतरवलं त्यांनी.

त्याआधी आईनं ते ऐकलं. गाणं संपून जाहिरात लागली तरी मोबाईल कानाला धरून बसली. आपलं कडवं यायचंय अजून, म्हणाली. मग मला तुझं पत्र वाचून दाखवावं लागलं, विडी शोभत न्हाय तेही. ती चिडली न्हाय. बोटं चोळत बसली आणि मलाच म्हणाली, “त्याच्या पेटीच्या मास्तराचं पैसं मी विड्या वळूनच दिलं. ते का घातलं न्हाईस गं कडव्यात?”

आता घातलंय. गायचं असेल तर इथं ये, आणि तिच्यापुढं बसून विचार.

सुविधा