उजव्या पाठीचा मसल

३ जानेवारी. सकाळी ७.
पाठीला उजवीकडे, कमरेच्या जरा वर, फुगवटा. मान अवघडेपर्यंत आरशात पाहिला. दुखत नाही, गरम लागत नाही. अकरा दिवसांच्या जोर-बैठकांचं फळ! बायकोच्या मते गाठ आहे. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने मसल पाहिलाय कुठे?

११ जानेवारी.
डावी बाजू सपाटच. शोभत नाही. आजपासून डाव्या हाताने भरलेली बादली उचलायची, चाळीस वेळा.

१२ जानेवारी.
उद्यापासून.

२८ जानेवारी.
वजन चार किलो उतरलं. चरबी जळतेय. संध्याकाळी अंग तापतं, तेही त्यामुळेच. एका जागी बसवत नाही. उत्साही माणसांचं असंच असतं.

४ फेब्रुवारी.
बायकोने डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी फुगवटा दाबून विचारलं, दुखतं का. अजिबात नाही, असं छाती काढून सांगितलं. त्यांचा चेहरा का उतरला कळलं नाही.

९ फेब्रुवारी.
स्कॅन झाला. मणके ठणठणीत, पण स्नायूत पू साचलाय. सुईने काढला. माझा अख्खा मसल एका बाटलीत मावला.

१३ फेब्रुवारी.
रिपोर्ट आला. टीबी. मी खोकत नाही, हे तीनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, टीबी कुठेही होतो, पण मणका सोडून नुसत्या पाठीच्या स्नायूत म्हणजे फारच दुर्मिळ. दुर्मिळ! घाबरायचं राहूनच गेलं. माझी केस कुठे छापून येईल का, याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्या गोळ्यांबद्दल बरंच काही बोलल्या.

१४ फेब्रुवारी.
लघवी केशरी! आटोपलं सगळं. बायको म्हणाली, गोळ्यांनी तसं होतं, बाईंनी कालच सांगितलं होतं.

१६ एप्रिल.
फुगवटा गायब. वजन परत. नऊ महिन्यांचा कोर्स सामान्य पेशंटसाठी असणार. बायको सकाळी उपाशीपोटी गोळ्या हातावर ठेवते आणि चहा टाकायला आत जाते. आजपासून गोळ्या जुन्या बुटात. तिला उगाच काळजी नको.

२० मे.
फुगवटा पुन्हा. बाईंनी विचारलं, गोळ्या नियमित? म्हटलं, अगदी. त्यांनी जुना रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाल्या, तर मग औषध लागू पडत नसावं, दुसरी जालीम औषधं द्यावी लागतील, त्यांचा त्रासही फार. येताना बायको रस्त्यात रडली. माझ्याच हातून वेळा चुकल्या असतील, म्हणाली. मी दुकानांच्या पाट्या वाचत चाललो.

२१ मे.
सकाळपासून येरझाऱ्या. सांगणार आहे. जेवणानंतर. चहानंतर. नक्की.

२२ मे.
सांगितलं. म्हणजे बूट तिच्यापुढे उलटा केला. तिने गोळ्या एकेक करून वेचल्या. फार लाज वाटली. तशीच ती मला बाईंकडे घेऊन गेली. पू परत तपासायला गेलाय, जुन्या औषधाने जंतू अजून मरतो का ते बघायला. धीर करून विचारलं, माझ्यासारखी केस दुसरी नसेल ना? बाई म्हणाल्या, बरं वाटलं की गोळ्या सोडणारे रोज चार येतात.

३० मे. सकाळी ६.
काल रिपोर्ट आला. जंतू मरतो! वाचलो. कोर्स मात्र पहिल्यापासून. आज बायको समोरून हलली नाही. गोळ्या गिळल्या. तिने तोंड उघडायला लावलं. मग जीभ वर करायला लावली. मी ऑफिसात हेडक्लार्क आहे, हाताखाली सात माणसं आहेत, हे तिला सुनावणारच होतो, पण जीभ वर होती.